कीलक, शके पंधराशे नव्वद

दर सोमवारी मला एक साल लागतं.
पान चार, डावीकडे, बाजारभावाच्या खाली
दोन कॉलमांचा चौकोन :
घटना, जन्म, मृत्यू.
अलीकडची सालं चुटकीसरशी भरतात,
सतराव्या शतकात मात्र जागा उरते.
‘काय पण घाला मॅडम, चौकोन रिकामा नको,’
उपसंपादक कोनापुरे फोनवर सांगतो
आणि फोन ठेवता ठेवता हमखास जांभई देतो.

या आठवड्यात सोळाशे अडुसष्ट.
संवत्सराचं नाव कीलक. म्हणजे खुंटी.
आवडलं मला.
काहीतरी अडकवता यावं असं नाव.

घटनांत आमचा भुईकोट आला.
तहात तो या दरबाराकडून त्या दरबाराकडे गेला,
आणि सहज मावला एका ओळीत :
दुहेरी तट, बुरूज, खंदक,
खंदकातल्या शेवाळावर बसलेले बेडूक.
जन्मांत परदेशातला एक तत्त्वज्ञ, एक संगीतकार.
मृत्यूंत घोडे रंगवणारा एक चित्रकार
(त्याचे घोडे बहुतेक पांढरे. मी पाहून घेतलं).
तरी सहा ओळी उरल्याच.

मग दानप्पा मळगे आठवला, तेलाच्या दुकानाचा.
त्याच्याकडे घराण्याची एक बही आहे,
वाळवीनं काठ कुरतडलेली, पिशवीत गुंडाळलेली.
मोडी त्याला येत नाही. मला येते, अडखळत.
काट्यावर शेंगतेलाचा डबा चढवत तो म्हणाला,
‘वाचा की. पण पानं चिकटल्यात, दमानं.’

*किल्ल्यावर, मशालींस, तेल घागरी नऊ. येणे.*
त्याखाली, वेगळ्या शाईत :
*किल्ल्यावर नवे आले. जुनी बाकी कोणास मागावी?*

हसलो दोघंही.
दानप्पा म्हणाला, ‘अजून येणंच आहे बघा ते.’

पुढच्या पानावर :
*मीठ तीन पायली, विभूती. बसलिंगाच्या खड्ड्यास.*
*नवा बैल. शिंग मोडके म्हणून कमी दाम.*
*मलकव्वा सुईण. ज्वारी पायली, खण एक. मुलगी.*
आणि श्रावणात परत,
*मलकव्वा सुईण. ज्वारी अर्धी पायली.*

मुलगा की मुलगी, लिहिलेलं नाही.
खण नाही.
त्याच्या वरची ओळ आडवी खोडलेली,
पण बोरूचा दाब कागदात राहिला होता,
उजेडाकडे धरल्यावर लागली :
*काळे मणी, लहान मनगटाचे.*

दानप्पानं गिऱ्हाईक थांबवलं.
‘अर्धी का?’ त्यानं विचारलं,
आणि उत्तर मिळायच्या आत
काट्यावरचं वजन उगाचच काढून परत ठेवलं.

रात्री चौकोन लिहायला बसले.
नऊ घागरी घटनांत गेल्या, किल्ल्याच्या लगेच खाली.
बसलिंग मृत्यूंत, घोड्यांच्या चित्रकाराशेजारी.
मुलगी जन्मांत. नाव नाही, तरी तिची ओळ झाली.
बैलासाठी मथळाच नव्हता, त्याला सोडलं.
आणि ती अर्धी पायली
जन्मांत लिहिली, खोडली,
मृत्यूंत लिहिली, खोडली,
मलकव्वा कशी गेली असेल घरी, पदरात
जाताना हलकी वाटणारी ज्वारी घेऊन,
याचाच विचार करत राहिले. अकरा वाजले.

कोनापुरेचा फोन.
‘मॅडम, चादरीची जाहिरात आलीय, चार ओळी कमी करा.
आणि खाली हे एक सुटं काय आहे?
कुठल्या मथळ्यात घेऊ?’

मी काहीच बोलले नाही.
तिकडून जांभईही आली नाही.
मागं छपाईचा आवाज, कुणीतरी चहा मागत होतं.
‘बरं,’ तो म्हणाला,
‘किल्ला काढतो मग.’